पहिल्या जोडीचा मान

लहानू मौल्याचं ओढ्याकाठचं वावर हे आता वावर राहिलेलं नसून मैदान झालं आहे, ही बातमी लहानूच्या घरचे सोडून बाकी सगळ्या पंचवटीला आधी कळली. ज्याचं जळतं त्याला कळतं असं म्हणतात, पण इथं जळल्याची वर्दीसुद्धा घरच्यांना शेवटी मिळाली. फूलबाजारात गलांड्याची पाटी उतरवताना शेजारच्या फकिराने लहानूला विचारलं, "दादा, तुमच्या वावरात पालिका मैदान करणार म्हणे. नकाशा लागलाय तिकडं." फकिरा सकाळी सकाळी थट्टा करतोय असं लहानूला वाटलं. घरी येऊन त्याने ती थट्टा बायकोला सांगितली आणि हसला.

सिंधुबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. ती हसली नाही. "दात काय काढता?" ती म्हणाली. "आधी जाऊन बघा तरी."

दुसऱ्या दिवशी दोघंही पालिकेत गेले. एकट्या लहानूला पाठवण्यात अर्थ नव्हता. तो तिथून कोणाला तरी रामराम करून, चहा पिऊन परत आला असता. भिंतीवर भला मोठा नकाशा टांगलेला होता आणि त्याच्यापुढे गर्दी होती, लग्नात आहेर बघायला होते तशी. जो तो आपलं घर, आपली विहीर बोटाने शोधत होता. त्यांचं गाव उंबरगव्हाण. ब्याऐंशी साली पालिका झाली तेव्हा हे गाव रातोरात शहर झालं होतं. नळ आला नाही, रस्त्यावर दिवे आले नाहीत, पण शहर मात्र झालं. त्या उंबरगव्हाणच्या ओढ्यालगत एक हिरवा चौकोन होता आणि चौकोनात आकडा होता. खिडकीतल्या कारकुनाने आकडा वहीत पाहिला आणि सांगितलं, "क्रीडांगण. पुढच्या वीस वर्षांचा आराखडा आहे हा. हरकत असेल तर दोन महिन्यांच्या आत लेखी द्या."

"पण तिथं आमची शेवंती हाय," लहानू म्हणाला.

"तेच लिहा," कारकून म्हणाला.

आता हा हिरवा चौकोन तिथं का पडला, हे सांगायला हवं. त्यात कोणाचं कपट नव्हतं. कपट असतं तर निदान शिव्या घालायला माणूस सापडला असता.

उंबरगव्हाणच्या खंडेरावाची जत्रा चैत्री पौर्णिमेला भरते आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल होते. ही दंगल लहानूच्या पणज्यापासून मौल्यांच्या ओढ्याकाठच्या वावरात होत आली. माती गाळाची, मऊ. पडला तरी गडी दुखावत नाही. होळी झाली की गावातली चार जाणती माणसं मौल्यांच्या ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "देवाला वावर पाहिजे." घरच्या कर्त्याने म्हणायचं, "देवाचंच हाय, न्या." एवढंच बोलणं. मग ते वावर मोकळं करायचं, नांगरून वखरून भुसभुशीत करायचं. मधल्या आखाड्याच्या मातीत घरच्या बाईने हळद आणि ताक ओतायचं. आणि दंगलीच्या दिवशी मौल्यांच्या कर्त्या पुरुषाने डोक्याला फेटा बांधून नारळ फोडायचा आणि पहिल्या जोडीचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. हा मौल्यांचा मान. पाटलांना पालखीचा मान होता, सुतारांना बारागाड्यांचा, आणि पाटीभर फुलं विकणाऱ्या मौल्यांना हा. उन्हाळ्यात भाजीला सोन्याचा भाव असतो आणि नेमकं तेव्हाच हे वावर उघडंबोडकं पडलेलं असायचं. सिंधुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून हे तिच्या डोळ्यांत सलत होतं. पण सासरा होता तोवर तिची बोलायची टाप नव्हती, आणि सासरा गेल्यावर लहानू सासऱ्याहून सासरा निघाला.

पालिकेची मोजणीची माणसं आली ती अशाच एका जत्रेच्या आठवड्यात. जागेवर आज काय आहे ते बघून लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. त्यांनी पाहिलं, तर हजार माणूस बसलंय, मध्ये आखाडा आहे, हलगी वाजतेय. त्यात लहानूने त्यांना पुढच्या रांगेत बसवलं, पाहुणे म्हणून टोप्या घातल्या, पेढे दिले. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं.

मुलगा समाधान अंबडला एका कारखान्यात लेथवर होता. दर रविवारी तो विहिरीजवळच्या कोपऱ्यात काठी घेऊन उभा राहायचा आणि जमिनीवर रेघा मारायचा. इथं पुढची खोली, इथं मोरी, इथं आईची चूल. गावातल्या दोन खोल्यांत त्याचं लग्न कसं करायचं, म्हणून विहिरीजवळ घर बांधायचं ठरलं होतं. विटांचं बोलणंसुद्धा झालं होतं. सिंधुबाईला त्या वावरातून काही महाल नको होता. आपलं पोरगं आपल्या डोळ्यांसमोर राहावं आणि चूल त्याच मातीवर पेटावी, एवढंच तिला हवं होतं. मैदानात घर बांधायला कोण परवानगी देणार?

शहरातल्या रविवार कारंजा चौकात एका जिन्याखाली गायधनी वकील बसत. माणूस सरळ होता. त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला आणि दोघांना समोर बसवून समजावलं, पोराला पाढे शिकवावेत तसं. "जमीन खाजगी आहे. बारमाही बागायत आहे. कुस्त्या कधीमधी होतात, त्या कोणाच्याही रिकाम्या वावरात होतात. इतकंच बोलायचं. मानाबिनाचं नाव काढायचं नाही. कळलं का, लहानूदादा?"

"कळलं," लहानू म्हणाला.

"आणि सुनावणी दिवाळीच्या आसपास लागेल. त्याच्या आधी जत्रा येते. यंदा वावर देऊ नका. एक साल खंड पडला तरी आपल्याला म्हणता येईल की बाबा, दरसाल होत नाही."

लहानूने मान हलवली. ती मान सिंधुबाईने ओळखली. भाव पटला नाही तरी गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही, तेव्हा लहानू अशी मान हलवायचा.

म्हणून तिने स्वतःच बेत केला. शेवंती निघाल्या निघाल्या, लहानू वणीला सोयऱ्यांकडे गेला होता त्या दिवशी, तिने जावेला हाताशी घेतलं आणि सगळ्या वावरात सऱ्यांवर भेंडीचं बी टोचून टाकलं. पाणी भरलं. पिकात कोणी दंगल मागणार नाही आणि उभ्या पिकाला कोणी नांगर लावणार नाही, असा तिचा हिशोब. लहानू परत आला, त्याने ओल्या सऱ्या पाहिल्या आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेला. तिला वाटलं, चला, आपल्या तोंडून नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं, ते भेंडीने परस्पर सांगून टाकलं. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी निवांत झोपली.

होळी झाली. बहिरूअण्णा, मंगळू आणि आणखी दोघं ओट्यावर येऊन बसले. बहिरूअण्णा जत्रेच्या पंचांतले थोरले. त्यांच्या स्वतःच्या विहिरीवरून नकाशात रस्ता गेला होता, त्यामुळे त्यांचीही हरकत होती. चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. सिंधुबाई दाराआड उभी होती. अण्णा चपलेकडे बघत म्हणाले, "भेंडी लावली म्हणं."

"व्हय," लहानू म्हणाला.

"मग यंदा राहू द्यायचं का? तसं सांग. देवाचं काय, देव कुठं पण खेळंल. गायरानात घेऊ."

तिथंच घोडं अडलं. अण्णांनी हट्ट धरला असता, तर लहानूला नाही म्हणता आलं असतं. पण अण्णा गायरानात घेऊ म्हणाले. मौल्यांवाचून दंगल होऊ शकते, हे त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. सिंधुबाईने दाराआडून मान हलवली, नाही, नाही. ती त्याला दिसली हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"देवाचंच हाय," लहानू म्हणाला. "न्या."

भेंडी दोन-दोन पानांवर आली होती. लहानूने स्वतःच बैल जुंपले आणि वखर घातला. सिंधुबाई बांधावर उभी राहून बघत राहिली. कोवळी रोपं मातीत जात होती आणि नवरा मागे वळून बघत नव्हता. तिने त्याला नाही नाही ते बोलावं, बैलांपुढं आडवं व्हावं, असं तिच्या फार मनात आलं. पण बैलांपुढं आडवी होणारी बाई गोष्टीत असते. खऱ्या बाईला संध्याकाळी त्याच माणसाला भाकरी वाढायची असते. दंगलीच्या आदल्या दिवशी ती हळद आणि ताकाचा हंडा घेऊन गेली आणि आखाड्यात ओतून आली. न जाऊन काय करणार, गावाने तोंडात शेण घातलं असतं.

सुनावणी दिवाळीनंतर लागली. मोठी खोली होती, पंखे होते, आणि बाकांवर अख्खं उंबरगव्हाण बसलं होतं. कोणाच्या घरावर रस्ता, कोणाच्या मळ्यात शाळा. टेबलामागचे साहेब वयस्कर होते, आवाज चढवणारे नव्हते. शेजारी एक जण लिहून घेत होता. गायधनी वकिलांना त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात तारीख निघाली होती. जाताना ते पुन्हा बजावून गेले होते, "तीन वाक्यं. चौथं नाही."

लहानूचं नाव पुकारलं. सिंधुबाई त्याच्या मागोमाग जाऊन उभी राहिली.

"जमीन खाजगी हाय, साहेब," लहानू म्हणाला. "बारमाही बागायत हाय. कुस्त्या कधीमधी व्हत्यात. त्या कोणाच्या पण रिकाम्या वावरात व्हत्यात."

सिंधुबाईचा जीव भांड्यात पडला. कधी नव्हे ते माणूस शिकवल्यासारखं बोलला होता.

साहेबांनी समोरचा एक कागद उचलला. "गावातल्या काही तरुणांनी इथं सूचना दिली आहे. ते म्हणतात, ही जागा पूर्वापार गावाचीच आहे, गावाचा आखाडा आहे, ती मैदानासाठी राहू द्यावी. खरं आहे का हे?"

बाकांवर थोडी कुजबुज झाली. लहानू मागे वळला. मागे बहिरूअण्णा बसले होते, मंगळू बसला होता, ज्यांच्यासमोर त्याचा बाप फेटा बांधून उभा राहिला होता ते सगळे बसले होते. सिंधुबाईने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. त्याने ते झटकलं.

"गावाची?" लहानू म्हणाला. "गावाची कशी? आमच्या पणज्यानं दिलेली हाय. चार पिढ्या झाल्या साहेब, एक साल चुकवलं नाय आम्ही. दुष्काळ पडला तरी दिलं, घरात मयत झाली तरी दिलं. यंदा भेंडी मोडून दिलं. विचारा ह्या लोकांना. पहिली जोड आमच्या घराच्या हातानं लागती. गावाचं काय हाय त्यात?"

"म्हणजे दरवर्षी?" साहेबांनी विचारलं.

"दरसाल," लहानू म्हणाला. "एक पण चुकलं नाय."

लिहिणाऱ्याचा पेन भराभर चालला. बाकांवरून अण्णा म्हणाले, "खरं हाय साहेब, मौल्यांचाच मान हाय." लहानूच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की सिंधुबाईला त्याची दयाही आली आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं. चार पिढ्यांचा दानधर्म त्याने साहेबांच्या टेबलावर पुरावा म्हणून ओतला होता, आणि तो पुरावा त्याच्याच विरुद्ध होता, हे त्या खोलीत फक्त दोघांना कळलं. एक साहेब, दुसरी ती.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. बसा."

आणि सिंधुबाई बोलली. चार माणसांत ती कधी बोलली नव्हती, तिचाच आवाज तिला परका वाटला. "साहेब, आम्ही देतो म्हणून ते व्हतं. आम्ही नाय दिलं तर नाय व्हत. दर साली येऊन मागत्यात, मग देतो. मैदान असतं तर कशाला मागितलं असतं?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, तुसडेपणाने नव्हे. "बरोबर आहे बाई तुमचं," ते म्हणाले. "नोंद घेतली." पण लिहिणाऱ्याने तोवर पेनाला टोपण लावलं होतं आणि पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

निकालाचा कागद आला तेव्हा समाधानने तो वाचून दाखवला. सदर जागेचा वापर चार पिढ्यांपासून दरवर्षी मैदान म्हणून होत असल्याचे अर्जदाराने स्वतः मान्य केले आहे, सबब हरकत फेटाळण्यात येत आहे. गायधनी वकिलांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि फी घेतली नाही. त्यावरूनच सिंधुबाई काय ते समजली. पुढं मुंबईला अर्ज केला, मंत्र्यांच्या माणसाला भेटले, कोणी म्हणालं बघू, कोणी म्हणालं होऊन जाईल. एक-दोन वर्षांनी आराखडा मंजूर होऊन आला. हिरवा चौकोन जिथल्या तिथं होता.

यात गंमत अशी, की जमीन कोणी नेलीच नाही. पालिकेकडे ताब्यात घ्यायला पैसे नव्हते. सातबारा लहानूच्या नावावर, शेतसारा लहानूच्या नावावर, शेवंती लहानूची, पण विहिरीजवळ चार विटा रचायची सोय नाही आणि विकत घ्यायला कुत्रं फिरकत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. समाधानने एका रविवारी काठी घेतली नाही, मग दुसऱ्या रविवारीही घेतली नाही. सिडकोत त्याने भाड्याची खोली बघितली आणि लग्न करून तिकडेच गेला. "येत जाईन ना आई दर रविवारी," म्हणाला. सुरुवातीला यायचा.

सिंधुबाई लहानूला एका शब्दाने बोलली नाही. तिने बोलणं साठवून ठेवलं होतं. आराखडा मंजूर झाला त्या साली होळी येऊन गेली की ते बाहेर काढायचं, असं तिने ठरवलं होतं. ओट्यावर माणसं येतील, देवाला वावर पाहिजे म्हणतील, तेव्हा तिला पुढं होऊन म्हणायचं होतं, जा, पालिकेला मागा. वाक्य तिने घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

होळी झाली. ओट्यावर कोणी आलं नाही. लहानू रोज संध्याकाळी हातपाय धुऊन तिथं बसायचा. "अण्णांची तब्येत बरी नसंल," एकदा म्हणाला. पाडवा गेला. मग एक दिवस त्याने न मागताच वावर नांगरलं, वखरलं, ढेकळं फोडली. जत्रेच्या आदल्या दिवशी ओढ्याकाठी मांडव पडला, खुर्च्या उतरल्या, आणि कमानीवर नगरसेवकाचा फोटो चढला. हळद-ताक कोणी मागितलं नाही.

दंगलीच्या दिवशी जेवण झाल्यावर लहानूने ट्रंकेतून बापाचा गुलाबी फेटा काढला आणि आरशासमोर बांधला. मग दाराशी खाटेवर बसला. "बोलावणं येईल आता," म्हणाला.

ऊन कलायला लागलं. ओढ्याकडून हलगी सुरू झाली. लहानूने फेट्याचा शेव दोनदा नीट केला. सिंधुबाईच्या जिभेवर ते तयार वाक्य होतं, दोन वर्षांचं सगळं बोलणं होतं, आणि सुनवायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. तिने पदर खोचला. "दळण घेऊन येते," म्हणाली आणि तडक ओढ्यावर गेली.

बहिरूअण्णा मांडवाच्या खांबाशी छातीला बिल्ला लावून उभे होते. तिला पाहून त्यांनी नजर फिरवली.

"अण्णा," सिंधुबाई म्हणाली, "त्यांना बोलावणं धाडा ना. फेटा बांधून बसलेत."

"वहिनी, यंदा जरा..." अण्णा घुटमळले. "आता मैदान पालिकेचं झालं ना. परवानगी तिकडून आणली, बक्षिसं नगरसेवक साहेबांची. पहिली जोड त्यांच्याच हातानं लागायची. माझ्या हातात काय राहिलंय सांगा? माझी विहीर गेली, कोणी विचारलं मला?"

"निसतं बोलवा. बाजूला उभं करा. नारळ तरी त्यांच्या हातात द्या."

"सगळं ठरलंय हो, वहिनी. आन दादाला बोलावणं कशाला पाहिजे? येऊ द्या की. बसू द्या कुठं पण. मैदानात यायला कोणाला मनाई हाय का?"

अण्णा हे मनापासून, समजूत घालायला बोलले, हेच वाईट होतं. सिंधुबाईने आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण लाउडस्पीकर कडाडला, पाहुण्यांची नावं सुरू झाली आणि अण्णा बिल्ला सांभाळत तिकडे धावले. नावं पुष्कळ होती. ती शेवटपर्यंत थांबून ऐकत राहिली. त्यात मौले आलं नाही. लहानूने नांगरलेल्या त्या मातीवरून बूट घातलेली माणसं चालत आखाड्याकडे गेली आणि कोणीतरी नारळ फोडला.

ती घरी आली तेव्हा लहानू तसाच बसला होता, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. उन्हाने फेट्याखाली घामाची धार लागली होती, ती त्याने पुसली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं. दळणाचा डबा तिच्या हातात नाही, हे त्याला दिसलं.

"लागली का पहिली जोड?" त्याने विचारलं.

सिंधुबाई उंबऱ्यातच थांबली. तिने इतकी वर्षं धरून ठेवलेला राग शोधला, आणि तो नेमका आत्ता तिला सापडेना.

"नाय अजून," ती म्हणाली. "पाहुणेच आले नायत. खोळंबलेत सगळे."

ओढ्याकडून टाळ्या उठल्या, शिट्ट्या झाल्या, हलगीने ठेका बदलला. चार पिढ्यांत मौल्यांच्या घरात त्या ठेक्याचा अर्थ कोणाला शिकवावा लागला नव्हता. दोघांनीही तो ऐकला.

"बरं," लहानू म्हणाला. "मग बसतो थोडा वेळ."